वेशीवरची हाळी

बसा असे जवळ. मागचे पुढं सरका, त्या खांबाआड कोण आहे, तूही ये. ही गोष्ट सांगताना मागं कुणी राहिलेलं चालत नाही. बोरथडीचा तसा रिवाजच आहे.

फार मागची गोष्ट. किती मागची म्हणाल तर आज वेशीजवळ जो पिंपळ आहे ना, कवेत न मावणारा, तो तेव्हा भिंतीच्या फटीतलं रोपटं होता. त्या काळी बोरथडीभोवती दगडी गावकूस होतं. गावकुसाला एकच वेस, नि वेशीला सागवानी दरवाजा. दरवाजाच्या उजव्या फळीत एक दिंडी होती, म्हणजे वाकून जाण्यापुरतं लहान दार. त्या वेशीचा येसकर होता धोंडनाक.

येसकर म्हणजे वेस राखणारा. धोंडनाक अंगानं काटकुळा, गालफडं बसलेली, चालताना गुडघे वाजायचे. पण आवाज! देवानं सगळं मांस गळ्यातच घातलं होतं असं म्हणतात. रोज दिवस बुडायला आला की तो हातात घुंगरकाठी घेऊन वेशीबाहेर यायचा, तिथल्या सपाट धोंड्यावर उभा राहायचा, काठी खळखळ वाजवायचा नि शिवाराकडं तोंड करून हाळी द्यायचा, "मागं कुणी ऱ्हायलंय काऽऽ?"

हाळी ऐकून शिवारातली माणसं पाय उचलायची. गुरं, पोरं, सरपणाच्या मोळ्या, सगळं वेशीतून आत यायचं. नि मग आतून एकेक आळी उत्तर द्यायची. कुंभारआळीतून कुणीतरी ओरडायचं, "आलोऽऽ!" म्हणजे आमच्या आळीतली सगळी माणसं घरात पोचली. मग तेलीआळी, मग सुतारआळी. पाटीलआळी नेहमी शेवटी, मोठ्या माणसांना कसली घाई! एखाद्या आळीचं उत्तर आलं नाही तर धोंडनाक दार लावायचा नाही. पुन्हा हाळी द्यायचा, वाट बघायचा. सगळ्या आळ्या "आलो" म्हणाल्या की आत येऊन भिंतीतल्या खोबणीतून अडणा ओढायचा, म्हणजे दाराला आतून लावायचा तो जाडजूड वासा, नि देवडीत, म्हणजे वेशीच्या आतल्या ओवरीत, घोंगडी टाकून पडायचा.

आता यातली गंमत बघा, म्हणजे गंमत कसली म्हणा. धोंडनाकाचं स्वतःचं घर वेशीबाहेर होतं. त्याची सगळी वस्तीच गावकुसाबाहेर, ओढ्याच्या अंगाला. तसाच तो काळ होता, नि तो वाईट होता, उगाच गोड करून कशाला सांगू? रोज सगळ्या गावाला आत घ्यायचं नि आपल्या बायकोपोरीला बाहेर ठेवून दार लावायचं, हे त्याचं काम. वस्तीला आळी म्हणत नसत. त्यामुळं तिचं "आलो" कुणी कधी मागितलंच नाही, आणि धोंडनाकालाही त्यात काही वेगळं वाटत नसे.

त्या साली मुलखात लढाई पेटली. कुणाकुणाची, कशासाठी, हे बोरथडीला कधी कळलं नाही. बातम्या तेवढ्या यायच्या. अमकं गाव लुटलं, तमक्या गावची गुरं हाकून नेली, माणसं वेठीला धरली. लोकांनी भांडीकुंडी परसात पुरली नि कुठं पुरली ते विसरले. बाया चुलीवरची भाकरी अर्धी ठेवून दारात येऊन कानोसा घ्यायच्या. कुत्रं भुंकलं की माणसं उठून बसायची, नि नाही भुंकलं तर का भुंकत नाही म्हणून उठून बसायची.

एकदा तर माळावरून धुरळा उठला नि सगळा गाव वेशीकडं धावला. तेलीआळीतल्या एकानं झोळीतलं पोर समजून उशी उचलली नि छातीशी धरून पळाला. धुरळा निघाला मेंढरांचा. त्या बिचाऱ्याला गावानं हसून हसून नकोसं केलं. पण हसताना सगळ्यांच्या मनात एकच होतं, आपणही काहीतरी असंच विसरणार. हसा तुम्हीही, पण ती उशी ध्यानात ठेवा.

सगळ्यांत भ्यालेला होता धोंडनाक. त्याचं कारणही होतं. तरणा असताना त्याला एका लष्करानं ओझी वाहायला धरून नेलं होतं. दोन पावसाळे घालवून तो परत आला, पण तिथं काय पाहिलं ते बायकोलाही कधी सांगितलं नाही. घोड्याची टाप ऐकली की त्याचा हात आपोआप मानेवर जायचा. आणि नेमकी त्याच साली त्याची लेक ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आलेले. ती चालायची तीसुद्धा कमरेवर हात ठेवून, थांबत थांबत.

"ठके," तो रोज सांगायचा, "गलका झाला तर कशाला थांबू नगंस. आईचा हात धरायचा नि सरळ वेशीत यायचं. मी दारातच हाय."

"व्हय बा," ती म्हणायची. "तू दारात असल्यावर मला कसलं भ्या?"

हुरड्याचे दिवस होते. वेशीपासून ओढ्यापर्यंत पुरुषभर जोंधळा उभा होता, कणसं भरलेली. दिवस मावळतीला टेकला होता. धोंडनाक काठी घेऊन धोंड्यावर चढणार, तेवढ्यात माळावरून एक धनगर धावत आला. डोक्याला मुंडासं नाही, पायात वहाण नाही. "आलं! लष्कर आलं!" एवढंच ओरडत तो वेशीतून आत घुसला, त्याची मेंढरं मागंच राहिली.

मग काय विचारता! शिवारातून माणसं अशी धावली की पायाखाली काय येतंय ते बघायला कुणी थांबलं नाही. म्हातारा बाप मागं राहिला तर राहिला. पाण्याच्या घागरी वाटेत फुटल्या, त्यांच्या खापऱ्यांवरून लोक रक्ताळल्या पायांनी धावले. ओढ्याकडून वस्तीतली माणसंही निघाली. जी जवळ होती ती आत शिरली. धोंडनाक दाराची फळी धरून उभा होता नि माणसांच्या डोक्यांवरून ओढ्याकडं बघत होता. बायको भागाई दिसेना, ठकू दिसेना.

"धोंडनाक, वेस लाव!" हैबती पाटील आतून ओरडला. एरवी मोठा समजूतदार माणूस. आज त्याच्या तोंडाला फेस आला होता. "लाव म्हणतो ना! समद्यांना मारतोस का काय?"

आणि तेवढ्यात ओढ्याच्या वळणावर पहिला घोडा दिसला. एकच. पण तो बघताच धोंडनाकाचा हात मानेवर गेला. त्याचे हात त्याचे राहिले नाहीत. त्यानं फळी लोटली, दुसरी लोटली, दिंडीची कडी घातली, खोबणीतून अडणा ओढला नि पाठ टेकून उभा राहिला. हाळी दिलीच नाही. हाळी दिली तर स्वारांना वेस कुठं आहे ते कळेल असं त्याला वाटलं असं म्हणतात. आता एवढी हत्तीएवढी वेस, ती काय लपून राहणार होती? पण भ्यालेल्या माणसाचं तसंच असतं. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं.

थोड्या वेळानं दारावर बाहेरून थाप पडली.

थाप हळू होती. मोठ्यानं मारायची बाहेरच्यांनाही भीती. मग आणखी काही हात. नि फटीतून भागाईचा आवाज आला, अगदी हलका, जणू कुणी झोपलेलं जागं होईल. "अवं, मी हाय. ठकी हाय संगं. वस्तीतली समदी हायेत. उघडा की."

धोंडनाक वळला, अडण्याला हात घातला. तोच मागून त्याच्यावर माणसं पडली. कुणी दंड धरला, कुणी कमर. रामजी कुंभारानं त्याच्या तोंडावर हात दाबला. हा रामजी त्याचा लहानपणचा सवंगडी, ओढ्यात दोघं मिळून मासे धरायचे. आज त्याचे डोळे ओळखीचे नव्हते. "उघडू नगंस," तो कानाशी फुसफुसत होता, "पाया पडतो, उघडू नगंस."

आता एक खरं सांगतो, कारण बोरथडीची माणसं हे लपवत नाहीत. धोंडनाकानं जोर केला, पण सगळा जोर केला नाही. एवढ्या माणसांनी धरलंय, आपण तरी काय करणार, असं त्याच्या मनाचा एक कोपरा म्हणाला. नि त्या कोपऱ्याला बरं वाटलं. ते बरं वाटणं त्याला जन्मभर टोचायला पुरलं असतं.

बाहेरून भागाईनं आणखी एकदा हाक मारली. मग घोड्यांच्या टापा जवळ आल्या. थापा थांबल्या. अनवाणी पावलं दारापासून पळाली नि जोंधळ्यात सळसळ झाली.

मग आत जी शांतता पसरली ना, तसली शांतता कुणी ऐकू नये. आयांनी पोरांची तोंडं पदरात दाबली होती. सुतारानं कुत्र्याच्या जबड्याला चिंधी बांधली होती. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. ही माणसं काही दुष्ट नव्हती हो. कालच यांतल्या बायांनी ठकूसाठी डिंकाचे लाडू वेशीपर्यंत आणून दिले होते. पण आज प्रत्येकाला फक्त आपला श्वास ऐकू येत होता.

रामजीनं हळूच हात काढला. धोंडनाक खाली बसला होता. तो म्हणाला, "पाटील, हाळी द्यायची ऱ्हायली."

"खुळा झालास का?"

"हाळी न देता वेस लावली. आजवर असं कधी झालं न्हाई. माझ्या बापानं केलं न्हाई, त्याच्या बापानं केलं न्हाई. मला धोंड्यावर जाऊन हाळी द्यायची हाय."

"अडणा निघायचा न्हाई," पाटील म्हणाला.

"अडणा नगं. दिंडीतनं जातो. मी गेलो की मागनं कडी घाला."

पाटलानं विचार केला. एक म्हातारा येसकर बाहेर जाणार, त्यात गावाचं काय जाणार? सगळ्यांनाच तसं वाटलं, नि तसं वाटल्याचं कुणाला काही वाटलं नाही. "जा," पाटील म्हणाला, नि तोंड फिरवलं. धोंडनाक काठी घेऊन उठला, दिंडीतून वाकून बाहेर गेला.

मागून कडी घालायला सुतार पुढं आला, तर दिंडीच्या उंबऱ्यात पाटलीणबाई बसलेली. गोदूबाई पाटलीण, अंगानं भारी. दाराला पाठ लावून फतकल मारून बसली होती नि थरथर कापत होती.

"बाजूला व्हा, पाटलीणबाई. कडी घालायचीय."

"मला उठवंना रे," ती म्हणाली. "भ्यानं माझं पाय गेलंत. बघ कसं लटलट कापत्यात."

सुतारानं ओढून पाहिलं, पाटलानं डोळे वटारून पाहिलं. पण तिला हलवणं म्हणजे जातं हलवणं. तिचे पाय खरंच गेले होते की काय, ते तिलाच ठाऊक. मरेपर्यंत तिनं सांगितलं नाही. दिंडी तशीच उघडी राहिली.

बाहेर धोंडनाक धोंड्यावर चढला. समोर ओढ्यापलीकडं त्याची वस्ती जळत होती. अलीकडं जोंधळ्यात घोडी सोडली होती, उपाशी घोडी, कणसं ओरबाडत पुढं पुढं येत होती, नि मागून स्वार भाल्यांनी ताटं चाळवत येत होते. जिथं घोडी होती तिथं जोंधळ्याची टोकं हलत होती. वेशीच्या उजव्या हाताला एक तुकडा मात्र अजिबात हलत नव्हता, वाऱ्यानंसुद्धा. धोंडनाकाला कळलं, आपली माणसं तिथं आहेत. घोडी त्याच बाजूला वळत होती.

त्यानं काठी उचलली. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

ज्याच्या हाळीनं शेजारच्या गावची गुरं माना वळवायची, त्याच्या तोंडून उंदरासारखं चिर्र झालं. पाय म्हणत होते, दिंडी उघडी आहे, मागं फिर. हात मानेवर गेला होता. तो हात तिथून काढायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढा उभ्या जन्मात कशाला लागला नसेल. मग त्यानं त्या न हलणाऱ्या जोंधळ्याकडं पाहिलं, डोळे मिटले नि छातीतलं सगळं बाहेर काढलं.

"मागं कुणी ऱ्हायलंय काऽऽ?"

घोड्यांनी माना वर केल्या. स्वार थबकले. आणि धोंडनाक धोंड्यावरून उतरला, घुंगरकाठी वाजवत वेशीपासून दूर, डाव्या हाताला, ओढ्याच्या खालच्या अंगाला चालू लागला. पुन्हा हाळी दिली. स्वार ओरडले, "धरा त्याला!" नि जोंधळा सोडून आवाजामागं वळले.

इथून पुढं जे झालं ते असं झालं असं म्हणतात. हाळी ओढ्यातून आली. स्वार ओढ्यात उतरले तर ती टेकडीवरून आली. टेकडीकडं घोडी वळवली तर पडक्या विहिरीतून आली, आणि मग एकाच वेळी चारी दिशांनी, घुंगरांसकट. शहाणे लोक सांगतात, तिथं ओढ्याची दरड उंच आहे, आवाज फिरतो. असेल बाबा. तुम्ही जाऊन द्या हाळी नि फिरवून दाखवा.

जोंधळ्यात पालथ्या पडलेल्या भागाईनं मात्र एवढंच ओळखलं की नवऱ्याचा आवाज डावीकडं चाललाय, तर आपण उजवीकडून वेशीला जायचं. तिनं ठकूला उठवलं. वस्तीतली माणसं गुडघ्यांवर रांगत निघाली. दिंडीशी पोचली तर दार उघडं, नि उंबऱ्यात पाटलीणबाई. तिनं न बोलता पाय आखडून घेतले. एकेक जण तिच्या मांडीवरून सरकत आत आला. सगळी आली. ठकू शेवटची आली.

आत येताच ठकूला हाळी ऐकू आली. लांबून, पण नीट. "मागं कुणी ऱ्हायलंय काऽऽ?"

ती वळली, तिनं तोंड उघडलं. तिला फक्त "आलो" म्हणायचं होतं. पण पुन्हा हात आले. या वेळी तिच्याच वस्तीतल्या माणसांचेही. "गप," ते म्हणाले, "गप बाई, ऐकतील, मारतील." तिच्या आईनंही तिचं तोंड छातीशी दाबलं. हाळी पुन्हा आली. हाळीनंतर रोज जेवढा वेळ तो थांबायचा, तेवढाच वेळ थांबून पुन्हा आली. कुंभारआळी गप्प, तेलीआळी गप्प, सुतारआळी, पाटीलआळी गप्प. असा अख्खा गाव ऐकत बसला नि कुणी उत्तर दिलं नाही. हळूहळू हाळी लांब गेली. मग ऐकू येईनाशी झाली.

उजाडलं तेव्हा लष्कर नव्हतं. धोंडनाकही नव्हता. ओढा धुंडाळला, विहीर धुंडाळली. ना देह, ना काठी, ना एखादं घुंगरू. त्याच आठवड्यात ठकू बाळंत झाली, मुलगा झाला. गावानं बारसं मोठं केलं. वस्तीच्या जळालेल्या घरांना गावानं वासे दिले, कुडाला हात लावले. पण वेशीवर संध्याकाळी हाळी द्यायला कुणी धजेना. नवा येसकर मुकाट्यानं अडणा ओढायचा नि मान खाली घालून देवडीत शिरायचा.

पुढच्या हुरड्याला एक माणूस गावात आला. पायी आला, हातात हत्यार नव्हतं. वेशीपाशी थांबला नि विचारलं, "इथं घुंगरकाठीवाला म्हातारा होता, तो परत आला का?"

गाव गोळा झालं. तो म्हणाला, "माझं नाव मानाजी. त्या संध्याकाळी मी तुमच्या ओढ्यात होतो, लष्करात." काहींनी दगड उचलले. तो पळाला नाही. त्यानं जे सांगितलं ते असं.

"आम्ही जिंकून आलो नव्हतो. मार खाऊन पळत होतो. गडी पळायला लागला की माणूस राहत नाही, बाबांनो. माझा धाकटा भाऊ, त्याच्या पायात गोळी. माझ्या रिकिबीला धरून धावत होता. घोडं जड झालं, मागून शत्रू. मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून सोडवली. आमच्यातल्या प्रत्येकानं वाटेत कुणाला ना कुणाला सोडलं होतं, नि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता. मग तुमच्या ओढ्यात तो आवाज. मागं कुणी राहिलंय का! आधी वाटलं, मेलेलेच विचारताहेत. मी त्याला दरडीखाली गाठलं. भाला छातीला लावला. तो असा कापत होता की काठीची घुंगरं आपोआप वाजत होती. म्हटलं, ओरडू नकोस. तर म्हणतो, 'ते माझं काम हाय.' नि माझ्याकडं बघून हळूच विचारलं, 'तुझं कुणी ऱ्हायलंय का रं?'"

कुणीतरी मानाजीला पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरलं.

"मी भाला टाकला. म्हटलं, हो, राहिलाय. मागून आणखी स्वार आले, तेही रडायला लागले. एकेकानं नावं घेतली. म्हातारा ऐकत होता, पण त्याचं ध्यान आमच्यात नव्हतं. कान गावाकडं लावून उभा होता. हाळी द्यायचा, थांबायचा, पुन्हा द्यायचा. मी विचारलं, कशाची वाट बघतोस? म्हणाला, 'माझी लेक हाय बाहीर. आत पोचली की गाव आलो म्हणंल. म्हनलं की मी घरी जातो.' खूप वाट बघितली त्यानं. शेवटी म्हणाला, 'कुणीच आलो म्हनत न्हाई. म्हंजे समदी मागंच ऱ्हायलीत. हुडकाय पायजेत.' नि आम्ही ज्या वाटेनं पळून आलो होतो त्याच वाटेनं हाळी देत चालू लागला. मी त्याच्या मागं गेलो. वाटेच्या कडेला पडलेले आमचे गडी त्याचा आवाज ऐकून कोपरांवर उठत होते. ज्यांना मेले म्हणून सोडलं ते 'इथं हाय' म्हणत होते. माझा भाऊ बाभळीखाली सापडला. जिवंत. आज घरी आहे, लंगडतो. भावाला उचललं नि मान वर केली, तोवर म्हातारा पुढं निघून गेला होता."

मग मानाजीनं गावाकडं पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "त्याची लेक आत पोचली होती का?"

"पोचली हुती," पाटील म्हणाला.

"मग तुम्ही उत्तर का दिलं नाहीत?"

रामजी कुंभार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. काय सांगणार? भ्यालो म्हणून? ते मानाजीला कळलं असतं, त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं असतं? पण तेवढे शब्दही कुणाच्या तोंडून फुटेनात.

तेव्हा गर्दीतून ठकू पुढं आली. कडेवर पोर. ती बापाच्या धोंड्यावर चढली. बाईमाणसानं त्या धोंड्यावर चढायचं नसतं असं कुणीही म्हणालं नाही. तिनं त्या वाटेकडं तोंड केलं नि बापाच्याच गळ्यानं ओरडली, "बाऽऽ! आलो! समदी आलोऽऽ! माघारी ये!"

मग कुंभारआळी ओरडली. रामजी आधी, नि ओरडता ओरडता हुंदके देत. तेलीआळी ओरडली, सुतारआळी ओरडली, पाटीलआळी ओरडली. दिवस बुडेपर्यंत गाव ओरडत होतं. उत्तर आलं नाही.

त्या दिवशी गावानं अडणा काढला तो पुन्हा चढवला नाही. गाव एका दिवसात शहाणं झालं असं मी म्हणणार नाही. पुढं भांडणं झाली, जुन्या खोडी निघाल्या, वस्ती गावात यायला अजून कितीतरी पिढ्या गेल्या. पण अडणा नाही म्हणजे नाही.

आता गावकूस राहिलेलं नाही. वेशीचे दोन दगडी खांब उरलेत, त्यांच्यामधून डांबरी रस्ता जातो, शेजारी एसटीचा थांबा आहे. धोंडा आहे तिथंच आहे, त्याला गाव हाळीबाबा म्हणतं, हुरड्याचं पहिलं कणीस त्याच्यावर ठेवतं. त्या दिवशी पाटलांच्या घरची एक सून दिंडीच्या जागी फतकल मारून बसते, नि कुणी ऊठ म्हटलं की म्हणते, मला उठवत नाही. पोरं हसतात. ती मात्र शेवटचा माणूस आत आल्याशिवाय हलत नाही.

आणि रोज दिवस मावळला की बोरथडी उत्तर देते. हाळी कुणी देत नाही. ती ऐकूही येत नाही. तरी एकेक आळी बाहेर येते, त्या जुन्या वाटेकडं तोंड करते नि म्हणते, "आलोऽऽ!" सगळ्यांत शेवटी वस्ती म्हणते. तिचं येईपर्यंत बाकीचं गाव उंबऱ्यात उभं असतं, कुणी आत जात नाही. थांब्यावरची एसटीही तेवढा वेळ थांबते, नवा ड्रायव्हर असला तर कंडक्टर त्याला सांगतो.

नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुली पहिल्या दिवशी लाजतात. तोंडातल्या तोंडात म्हणतात नि सासूकडं बघतात. मग सासू सांगते, "अशी पुटपुटू नगंस, बाई. मोठ्यानं म्हण. तो लई लांब गेलाय."